चंडसेनाचं गाऱ्हाणं

महिपत गुरवाला नाटकातली मरणं पाठ होत, वाक्यं होत नसत. ‘चंडसेनपतन’ या पाच अंकी शोकान्त नाटकात कोण कुठल्या अंकात कशाने मरतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. पहिल्यात प्रधान विषाने, दुसऱ्यात धाकटा भाऊ कड्यावरून, तिसऱ्यात राणी झुरून, चौथ्यात सेनापती आणि त्याचा घोडा एकाच बाणाने. पाचव्यात खुद्द राजा चंडसेन मरतो, पण कशाने मरतो ते नाटककाराने लिहिलेलंच नाही. महिपत म्हणे, “मारायला शिल्लकच कोणी नव्हतं, मग काय करील बिचारा, आपला आपण मेला.”

पण त्याच राजाचं एक धड वाक्य म्हणून दाखव म्हटलं की पंचाईत. ‘दिवे विझवा, अंधाराला माझा चेहरा ओळखीचा आहे’ याच्या जागी महिपतच्या तोंडून ‘चेहरा विझवा, दिव्याला माझा अंधार’ असलं काहीतरी बाहेर पडे आणि मग तो दचकून इकडेतिकडे बघे, कोणी ऐकलं तर नाही ना. कोणी ऐकलं नाही असं आमच्या वाडीत होत नाही. दोन घरांच्या मध्ये कुंपण आहे खरं, पण त्यातून भागोजीची म्हैस आरपार जाते, तिथे बातमी अडून राहील होय?

आता देवळातल्या गुरवाच्या पोराला चंडसेनाशी काय करायचं होतं, तर तेही सांगायला हवं. वाडीच्या रवळनाथाची पूजाअर्चा महिपतचा बाप धाकू गुरव बघायचा. महिपतने मात्र व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली आणि शिक्षण मंडळाच्या शाळेत मास्तर झाला. मास्तर झाला म्हणजे हंगामी झाला. हंगाम आंब्याचा येतो नि जातो, महिपतचा आला तो वर्षानुवर्षं हललाच नाही. लग्न झालं, कपाळ मागे सरकलं, शाळेची कौलं दोनदा बदलली, तरी महिपत हंगामीच. आणि सन एकतीसच्या शिमग्याआधी मंडळाचे नवे अध्यक्ष श्यामराव वकील यांनी ठराव केलान्. वरच्या वर्गाला ‘चंडसेनपतन’ नेमलेलं आहे, तेव्हा ज्याला कायम व्हायचं त्याने पुण्याहून येणाऱ्या परीक्षकासमोर त्या नाटकातली महत्त्वाची वचनं तोंडपाठ म्हणून दाखवायची आणि नाटकाचा विषय समजावून सांगायचा. जमलं तर कायम. नाही जमलं तर चैत्रापासून शाळेत येऊ नये.

यात भर घातली मेव्हण्याने. काशीराम मुंबईला गिरणीच्या टाइम ऑफिसात होता, शिमग्याच्या पालखीला घरी आला होता. ओटीवर बसून तो म्हणाला, “भावोजी, जागा राखून ठेवलीय मी तुमच्यासाठी. हजेरीवर बसायचं. चैत्रातल्या बोटीने निघू.”

“आणि पास झालो तर?”

“पास!” काशीराम इतका हसला की त्याची सुपारी घशात अडकली. महिपतच्या बायकोने, मथुरेने, भावाच्या पाठीत दोन धपके घातले. त्यातला एक सुपारीसाठी होता.

मथुरेचं म्हणणं साधं होतं. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला. बायका त्यांना शिमग्याला आणि गणपतीला बघायच्या. तिला नवरा वर्षभर बघायचा होता, आहे तसा, कपाळासकट. शिवाय महिपतला बोट सोसत नसे. बोट राहू दे, भाट्याची खाडी ओलांडणाऱ्या तरीतही तो हिरवा पडायचा. एकदा नुसता मांडवीच्या धक्क्यावर उभा राहून लाटा बघत होता तर तिथेच बसावं लागलं त्याला, डोकं गुडघ्यात घालून. असा माणूस मुंबईपर्यंत पोचलाच तर त्यातलं उरणार किती?

तर महिपत पाठांतराला लागला. सड्यावर काजूच्या झाडांतून फेऱ्या मारून झाल्या. विहिरीत तोंड घालून ओरडून झालं. त्याने पाणी भरायला आलेल्या बायका पळाल्या तेवढ्याच. वचनं येत, चार पावलं सोबत चालत आणि वाटेत कुठेतरी बसून राहत.

शिमगा उरकला आणि धाकू गुरवाचा आवाज गेला. पालखीपुढे ओरडून दर वर्षीच जातो, पण या वेळी अगदीच गेला. नुसती हवा. नेमकी त्याच सकाळी भागोजीची म्हैस आटली. भागोजी नारळ घेऊन देवळात हजर, चार माणसं सोबत, आणि गाऱ्हाणं घालायला कोणी नाही. आता गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून, हात जोडून, माणसाची अडचण मोठ्या आवाजात मांडायची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘रे म्हाराजा’ म्हणायचं, आणि जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला पाठबळ द्यायचं. पाठबळाशिवाय गाऱ्हाणं म्हणजे नुसतीच तक्रार, ती देव ऐकतो की नाही कोणास ठाऊक.

धाकूने पोराला पुढे ढकललं. महिपत लहानपणापासून हे ऐकत आलेला. उभा राहिला, हात जोडले.

“बा देवा रवळनाथा, ह्या भागोजीची म्हस आटली हाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“काय चुकलंमाकलं असंल तां पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथे पुढचं आठवेना. डोक्यात महिनाभर एकच माणूस कोंबलेला, तोच बाहेर आला.

“ज्या हातांनी हा मुकुट मी मस्तकी धरला, त्याच हातांनी आज मी माझे डोळे झाकतो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हे सिंहासना, माझे दोन पाय मोडून तू स्वतःचे चार उभे केलेस रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

म्हणता म्हणता पाचव्या अंकातलं अखेरचं स्वगत सगळंच्या सगळं, एक शब्द इकडचा तिकडे न होता, धबाधबा बाहेर आलं. महिपत स्वतःच थक्क. जमलेली मंडळी गहिवरली. भागोजीने तर डोळे पुसले, आपल्या म्हशीबद्दल इतकं उंची बोलणं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

आणि संध्याकाळी म्हैस दुधाला आली.

तिच्या दुधाचा आणि चंडसेनाचा काही संबंध नव्हता असं महिपत प्रत्येकाला सांगत सुटला. ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी देवळात रांग. “धाकूबाबांचं नको, मास्तरांचं हवं. मुकुटाचं.” महिपतलाही ते हवंच होतं, कारण देवळात उभं राहिलं की वचनं येत आणि घरी आलं की जात.

नाटकाचे विषय वाडीने आपल्या परीने लावून टाकले. गुराढोरांसाठी मुकुटाचं वचन. ताप उतरत नसेल तर ‘दिवे विझवा’. जमिनीचा तंटा असेल तर सिंहासनाचं, त्यात पाय मोडण्याचा उल्लेख आहे म्हणून. सासूसुनांसाठी राणीचं तिसऱ्या अंकातलं, ‘मी या महालात हसले नाही, नाथा, केवळ दात दाखवले’. हे वचन ऐकून एक सासू देवळातच सुनेच्या गळ्यात पडली आणि लगेच दुसऱ्या कारणावरून भांडली. परीक्षेला येणारे वैर, महत्त्वाकांक्षा, एकाकीपण वगैरे विषय पुस्तकात मागे छापले होते, पण त्यांत म्हैस कुठे बसते ते दिलेलं नव्हतं.

धाकू गुरवाचा घसा सुटला तेव्हा त्याने आधी हेच विचारलं, “अरे, ह्या चंडसेनाचं मूळ ठाणं कुठलं?”

“बाबा, तो देव नव्हे. नाटकातला राजा.”

“मग मेला म्हणतात तो कसा?”

“नाटकात मरतो.”

“दर वेळी मरतो?”

“दर वेळी.”

“आणि परत उठून गाऱ्हाण्यात येतो.” धाकूने कानाला हात लावले. “जागृत दिसतोय. नारळ चुकवू नको त्याचा.”

एका दुपारी तर श्यामराव वकील स्वतः आले. इकडेतिकडे बघत, उपरणं तोंडावर घेऊन. ठराव करणारे अध्यक्षच, पण त्यांची आंब्याची बाग मोठी होती आणि वाऱ्याने कैरी झडत होती. “मास्तर, परीक्षेशी याचा संबंध नाही हं,” ते म्हणाले. “तुम्ही आपले म्हणा.” महिपतने म्हटलं. श्यामरावांचा ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठा आला, कोर्टात कमावलेला आवाज तो. आठवड्यात वारा पडला.

इतकं सगळं झाल्यावर महिपत पास झाल्यासारखाच वागू लागला. खोट लक्षात आली ती मथुरेच्या.

ती चुलीपुढे बसली होती, ओल्या लाकडाने धूर मांडला होता. महिपत दारात उभा राहून उजळणी करत होता आणि ती सवयीने होकार देत होती. मध्येच तिला खोकल्याची उबळ आली. “त्याच हातांनी आज मी माझे डोळे झाकतो,” असं म्हणून महिपत थांबला. मथुरा खोकत राहिली. महिपत उभाच. तोंड उघडं, हात डोळ्यांवर.

“अहो, पुढे म्हणा की.”

“येत नाही.”

“का?”

“तू व्हय म्हटलं नाहीस.”

मथुरेने फुंकणी खाली ठेवली. “आणि तिथे पुण्याचा साहेब म्हणणार आहे काय, व्हय म्हाराजा?”

महिपतने डोळ्यांवरचे हात काढले. जी गोष्ट म्हशीलासुद्धा कळली असती ती या दोघांना तेव्हा कळली.

मग त्याला होकारावरून सोडवायचं काम सुरू झालं, जसं वासराला दुधावरून सोडवतात. मथुरा आधी मोठ्याने म्हणायची ती हळू म्हणू लागली. मग नुसते ओठ हलवू लागली. मग पळी भांड्यावर एकदा वाजवायची. शेवटी नुसती मान. मानेपर्यंत महिपत आला, त्याच्या खाली काही उतरेना. मान हलली नाही की राजा चंडसेन तिथल्या तिथे उभा.

काशीराम हे सगळं बघत होता. “भावोजी, गिरणीत बरं असतं,” तो म्हणाला. “भोंगा वाजतो. त्याला उत्तर द्यावं लागत नाही.”

“तू गप रे,” मथुरा म्हणाली. “मी जाईन शाळेच्या पडवीत. खिडकीतून मान हलवीन.”

“तू एकटी?”

ती एकटी कशी जाईल? परीक्षेच्या दिवशी अख्खी वाडी पडवीत. ज्याची म्हैस दुधाला आलेली, ज्याचा ताप उतरलेला, ज्याचा तंटा मिटलेला नव्हता पण मिटेल अशी आशा होती, सगळे. धाकू गुरव नारळ घेऊन. मथुरा खिडकीच्या गजाला धरून अगदी पुढे.

पुण्याचे परीक्षक म्हणजे टोकदार मिशांचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला श्यामराव आणि मंडळाचे दोन सभासद. समोर महिपत, आपल्याच लग्नातला काळा कोट घालून; तो पुढून मिटत नव्हता. समुद्राकडून वारा आला आणि परीक्षकांचे कागद उडाले.

“खिडक्या लावा. दारंही लावा,” ते म्हणाले. “आणि ही बाहेर जत्रा कसली?”

शिपायाने खिडक्या लावल्या. मथुरेची मान महिपतच्या डोळ्यांसमोर अर्धी झाली, मग नाक राहिलं, मग नुसती फळी.

“हं. पाचव्या अंकातलं चंडसेनाचं अखेरचं स्वगत म्हणा.”

महिपतने हात जोडले. जोडायचे नव्हते, पण जोडले गेले. “ज्या हातांनी हा मुकुट मी मस्तकी धरला, त्याच हातांनी आज मी माझे डोळे झाकतो...”

आणि थांबला.

खोलीत घड्याळाचा लंबक तेवढा हलत होता. त्याचंच हलणं होकाराची मान म्हणून मोजावं काय, असंही महिपतच्या मनात आलं, पण तो मान आडवी हलवत होता.

“पुढे,” परीक्षक म्हणाले.

‘पुढे’ने काही होणार नव्हतं. महिपतला गिरणीचा भोंगा ऐकू येऊ लागला. पायाखालची जमीन बोटीसारखी झुलली. तो हिरवा पडला.

तेवढ्यात श्यामराव वकिलांच्या कंठातून, त्यांनाही न विचारता, खणखणीत आवाज आला. “व्हय म्हाराजा!”

परीक्षकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. श्यामराव छताकडे बघू लागले. पण महिपत सुटला होता. “हे सिंहासना, माझे दोन पाय मोडून तू स्वतःचे चार उभे केलेस!” या वेळी दोन्ही सभासद आणि दाराशी उभा शिपाई. त्याच्या पुढच्या वाक्याला बंद खिडक्यांच्या फळ्या थरथरल्या, बाहेरून अख्खी वाडी. आणि मग राजाचं शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी ते नाटक नेमलेलं:

“या राजवाड्यात मी हाक मारतो आणि माझीच हाक परत येते! उत्तर द्यायला मी कोणाला जिवंत ठेवलं?”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

बाहेर कोणीतरी नारळ फोडला.

परीक्षक उभे राहिले. मिशांची टोकं थरथरत होती. “हा काय पोरखेळ आहे? अहो, शोकान्त नाटक आहे हे! राजाला कोणीही उत्तर देत नाही हाच तर त्याचा गाभा! आणि तुम्ही इथे पंगतीला बसल्यासारखे...” तिथे ते पाणी प्यायले. “गुरव, वचनं राहू द्या. या नाटकाचा विषय काय, ते सांगता येतं का? पुस्तकामागचं नको. तुम्हाला काय वाटतं ते.”

महिपत घाबरलेला होता, म्हणून जे खरं होतं तेच बोलला.

“साहेब, चंडसेन गाऱ्हाणं घालतोय. पण गाऱ्हाण्याला मागे गाव लागतो, आणि गाव त्याने आधीच मारून टाकलान्. पुस्तकात मला हे कधी कळलं नव्हतं. आत्ता तुम्ही खिडकी लावलीत तेव्हा कळलं. मागून व्हय आला नाही तर तोंडातला शब्द पुढे सरकत नाही हो. तो कशाने मेला ते नाटकात नाही ना? मला वाटतं, तो पुढचं वाक्य अडून मेला.”

परीक्षक खाली बसले. टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, “उत्तर चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. पण नेमणूक पाठांतराची आहे. पुन्हा एकदा म्हणा. आणि या वेळी कोणीही, वकीलसाहेब, कोणीही तोंड उघडणार नाही.”

श्यामरावांनी तोंडात उपरण्याचं टोक धरलं. बाहेर मथुरेने वाडीला दटावलं असावं, कारण तिथेही चिडीचूप.

महिपतने पहिलं वाक्य म्हटलं आणि परीक्षकांकडे बघत उभा राहिला. गाई ज्या डोळ्यांनी गोठ्याच्या दाराकडे बघतात, त्या डोळ्यांनी. परीक्षकांनी नजर चुकवून बघितली, चष्मा पुसून बघितला.

“हं,” ते शेवटी म्हणाले.

‘हं’ पुरला. महिपतने दुसरं म्हटलं.

“हो.”

तिसऱ्याला ते आपसूकच “हो, हो” म्हणाले, आणि चौथ्याला त्यांचे हात टेबलावरून उचलून एकमेकांजवळ आले. श्यामरावांनी ते बघितलं आणि उपरणं अधिकच घट्ट चावलं. शेवटचं वाक्य महिपतने हळू म्हटलं, ओरडून नव्हे. “उत्तर द्यायला मी कोणाला जिवंत ठेवलं?”

पुण्याचे परीक्षक पाणावल्या डोळ्यांनी, अगदी शुद्ध स्पष्ट उच्चारात म्हणाले, “होय रे महाराजा!”

आणि खाडकन भानावर आले.

ते बोललेच नाहीत असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरलं. महिपत कायम झाला. खिडक्या उघडल्या तेव्हा मथुरेची मान अजून हलतच होती. फळीमागे इतका वेळ तिने ती थांबवलीच नव्हती.

संध्याकाळी परीक्षक फिरायला म्हणून निघाले ते देवळापाशी पोचले. धाकू गुरव पायरीवर होता. “आपलं सहज विचारतो,” ते म्हणाले. “एखाद्याने स्वतः एक पाच अंकी शोकान्त नाटक लिहिलं असेल, आणि कुठलीच कंपनी ते घेत नसेल, तर त्याला यातलं कुठलं वचन लागू पडेल?”

धाकूने विचार केला. “किती मरतात तुमच्यात?”

“सगळे.”

“मग म्हशीचंच घालू,” धाकू म्हणाला. “आटलेल्याला तेच लागतं.”

चैत्रातल्या बोटीने काशीराम एकटाच गेला. महिपत आणि मथुरा त्याला पोचवायला मांडवीच्या धक्क्यावर गेली होती. पडाव काशीरामला घेऊन बोटीकडे निघाला, तेव्हा महिपत हिरवा पडला होता तरी त्याने हात वर करून ओरडून सांगितलं, “पोचलास की कळव रे!” बोटीने भोंगा दिला, त्यात हाक बुडाली. काशीरामने मागे बघितलंसुद्धा नाही.

माणसं पांगली. कोळणी टोपल्या उचलून गेल्या. महिपत मात्र हात वर करून तसाच उभा, तोंड उघडं, समुद्राकडे बघत.

मथुरेने थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर खोचला, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा. चला आता, भात निवतोय.”

महिपतने हात खाली घेतला आणि निमूट तिच्यामागून घराकडे चालू लागला.